पिवळा आधीपासून असतो

आमच्या कॉलनीतल्या विहारासमोर एक देशी बदाम आहे. डिसेंबर अर्धा सरला आणि निफाडच्या थंडीच्या बातम्या यायला लागल्या, की त्याची हाताएवढी पानं रंग बदलायला घेतात. एकाच फांदीवर हिरवं, पिवळं, शेंदरी आणि पार विटेसारखं लाल, अशी चार तऱ्हांची पानं दिसतात. परदेशी गेलेले माझे माजी विद्यार्थी दर ऑक्टोबरात तिकडच्या रंगीत जंगलांचे फोटो मोबाइलवर पाठवतात आणि खाली लिहितात, ‘बाई, तुमची आठवण आली.’ मी त्यांना डिसेंबरात आमच्या बदामाचा फोटो पाठवते. एवढ्यासाठी इतक्या लांब जायची काही गरज नव्हती, असं त्यात न लिहिता लिहिलेलं असतं.

विहार झाडणाऱ्या बायकांना मात्र हे झाड डोळ्यांसमोर नको असतं. रोज सकाळी दोन पाट्या पानं निघतात. ‘बाई, हे एकदाचं छाटा तरी,’ असं त्या दरवर्षी मला ऐकवतात, जणू मीच ते लावलं आहे. मी दरवर्षी बघू म्हणते आणि दरवर्षी काही करत नाही.

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. निवृत्तीला आता वर्षभर उरलं आहे. गेली तीस वर्षं मी डिसेंबरच्या शेवटी या झाडाची पानं पिशवीत भरून शाळेत नेते आणि आठवीला खडूचा प्रयोग दाखवते. प्रयोग साधा आहे. हिरवं पान कात्रीने बारीक करायचं, खलात चिमूटभर वाळूबरोबर ठेचायचं, वर नेलपॉलिश काढायचं अॅसिटोन ओतायचं. जो गर्द हिरवा रस निघतो तो वाटीत घ्यायचा आणि त्यात फळ्याचा पांढरा खडू उभा करायचा. रस खडूत वर चढत जातो. दहा-पंधरा मिनिटांत खाली हिरवा पट्टा दिसतो आणि त्याच्या वर, अगदी वेगळा, एक पिवळा पट्टा.

मग मी विचारते, पान कुठल्या रंगाचं होतं. हिरवं, सगळा वर्ग ओरडतो. मग हा पिवळा कुठून आला, असं विचारलं की सगळे गप्प. मी जरा वेळ जाऊ देते. तीस वर्षं एकच गोष्ट सांगणारं माणूस थोडं नाटकी होतंच. मग सांगते, ‘पिवळा आधीपासून असतो. पान कोवळं असल्यापासून तो तिथेच आहे. हिरव्याने त्याला झाकलेलं असतं, एवढंच.’

पुढचं सगळं याच्यावरून समजतं. पानातलं हिरवं द्रव्य उन्हात सारखं मोडत असतं आणि झाडाला ते रोज नव्याने बनवावं लागतं. दिवस लहान झाले, रात्री गार पडल्या, की झाड ते बनवणं थांबवतं. एवढंच करत नाही, तर जे आहे तेही सोडवून त्यातलं नत्र फांदीत परत ओढून घेतं, पुढच्या पालवीसाठी. हिरवं ओसरलं की मागचा पिवळा उघडा पडतो. तोवर देठाच्या बुडाशी एक पातळ पडदा तयार होत आलेला असतो. त्यामुळे पान गळतं तेव्हा फांदीला जखम होत नाही, खपली आधीच धरलेली असते. मुलींना हे खपलीचं फार आवडतं. मला स्वतःला मात्र आवडायचा तो खडूवरचा पिवळा पट्टा, आणि का आवडायचा हे मी पंचावन्न वर्षांची होईपर्यंत स्वतःला विचारलं नव्हतं.

आता आईबद्दल. हे लिहायला बसले तेच तिच्यामुळे.

आई नामपूरकडची. तिकडे अहिराणी बोलतात. लग्न होऊन ती नाशिकला आली तेव्हा सतरा वर्षांची होती आणि तिला दुसरी भाषा येत नव्हती. वडील मनमाडला वाढलेले, सरकारी कचेरीत कारकून. घरात शुद्ध बोलायचं, हा त्यांचा नियम होता. त्यांना मी दोष देत नाही. आपल्या पोरांना बोलण्यावरून कुणी खाली बसवू नये, एवढंच त्यांना हवं होतं, आणि ते का हवं होतं हे आमच्यासारख्या घरांत कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पण वडील साडेनऊला सायकल काढायचे आणि सहाला परत यायचे. मधल्या वेळात घरात आई, मी आणि अहिराणी.

ती बोलायची आणि मी मराठीत उत्तर द्यायची. मला सगळं कळायचं. तिचा आवाजही तेव्हा वेगळा असायचा, जरा मोठा, जरा खोडकर. मला हाक मारताना ती शेवटी एक ‘व’ लावायची. बाईमाणसाला जिव्हाळ्याने हाक मारायची ती तिकडची रीत आहे. ‘काय व माय, जेवनी का?’ पोटच्या पोरीला माय म्हणायचं, हीसुद्धा तिकडचीच रीत. त्या घरात दीड खोली होती आणि मला ती कधी लहान वाटली नाही.

पाचवीत असताना मला ताप आला आणि माझे चार दिवस बुडाले. पाचव्या दिवशी आई मला शाळेत सोडायला आली. वर्गशिक्षिकांनी दारातच विचारलं, इतके दिवस का आली नाही. आई म्हणाली, ‘तिले ताव येल व्हता, बाई.’ शिक्षिका हसल्या नाहीत, पण त्यांनी तोंडावर जो रुमाल धरला तो मी पाहिला आणि दाराजवळच्या दोन्ही बाकांनी पाहिला. मग काय विचारता. आठवडाभर मला ‘तिले’ याच नावाने हाका मारल्या गेल्या. डबा खाताना, पाणी प्यायला जाताना, प्रार्थनेच्या रांगेत.

त्या शनिवारी घरी आल्यावर मी दप्तर टाकलं आणि आईला म्हणाले, ‘तू शाळेत येत जाऊ नको. आलीस तर बोलू नको. आणि घरीपण माझ्याशी असं बोलू नको, मला आवडत नाही.’

आई मेथी निवडत होती. तिने मान वर केली नाही. हातातली जुडी संपल्यावर ‘बरं’ म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरातली अहिराणी संपली. मी दहा वर्षांची होते, मला वाटलं होतं ती रागावेल, एखादी चापट देईल, चार दिवसांनी पुन्हा बोलायला लागेल. तिने तसं काही केलं नाही. ती रेडिओच्या बातम्या लावून पोळ्या लाटायची आणि निवेदिकेच्या मागून ओठ हलवायची. वर्षाभरात ती अडखळायची थांबली. दोन वर्षांनी शेजारच्या नव्या बिऱ्हाडाने तिला विचारलं, तुम्ही मूळच्या पुण्याच्या का. नामपूरहून तिची आई यायची तेव्हा ती तिला गच्चीवर घेऊन जायची आणि दोघी तिथे बोलायच्या. खाली आल्या की आई पुन्हा पुण्याची. मी तेव्हा खूश होते, हेही लिहायला हवं. माझी आई बाकीच्यांच्या आयांसारखी झाली होती.

मोठी झाल्यावर कळलं, मी काय केलं होतं. माफी मात्र मागितली नाही. आधी वाटायचं, तिला आठवतही नसेल. नंतर वाटायचं, आठवत असेल तर उगाच उकरून कशाला काढा. मी लग्न केलं नाही, त्याची कारणं वेगळी आणि कंटाळवाणी आहेत. वडील गेल्यावर आम्ही दोघीच राहिलो. वीस वर्षं रोज संध्याकाळी आम्ही समोरासमोर चहा प्यायलो, आणि त्यातल्या एकाही संध्याकाळी मी तिला म्हटलं नाही, की आई, जरा तुझ्या भाषेत बोल ना.

तीन वर्षांपूर्वी ती विसरायला लागली. आधी वस्तू, मग वस्तूंची नावं. फ्रीज उघडून ती उभी राहायची आणि ‘हे, हे थंड’ म्हणायची. मग दिवस, मग माणसं. डॉक्टर म्हणाले, नंतर शिकलेलं आधी जातं. मी मान हलवली. मला ते कुणी शिकवायची गरज नव्हती.

मी शाळेत असताना तिच्याजवळ थांबायला एक बाई मिळाल्या, सटाण्याकडच्या. माझ्याहून दहा वर्षांनी लहान आहेत, पण घरात मदतीला आलेल्या बाईला आपण मावशीच म्हणतो, म्हणून मावशी. त्या पहिल्या दिवशी आल्या तेव्हा आई खिडकीशी बसली होती. मावशींनी चपला काढल्या, पिशवी ठेवली आणि सहज विचारलं, ‘कशी शे माय?’ आईने मान वळवली. तो चेहरा मी चाळीस-पंचेचाळीस वर्षांत पाहिला नव्हता. ती म्हणाली, ‘कवयनी वाट देखी राहिनू. बठ ना.’ केव्हाची वाट बघतेय, बस ना.

मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि उगाच भांडी विसळत राहिले. मला आनंद झाला होता. हेच ते, मला वाटलं. हिरवं ओसरलं, पिवळा उघडा पडला. तो कुठे गेलाच नव्हता. आता फक्त माझी पाळी यायची वाट बघायची.

ती पाळी काही येईना. शाळेतून परत आले की जिन्यावरच मला दोघींचे आवाज ऐकू यायचे. आई हसायची. कशावर तरी वाद घालायची. ‘कथा चालनी माय?’ कुठे निघालीस, असं मावशी विचारायच्या, आणि आई सांगायची, नदीवर जावानं शे. नामपूरजवळची मोसम नदी. मी तिसऱ्या मजल्याच्या वळणावर पर्स छातीशी धरून उभी राहायची आणि ऐकायची. पन्नाशी उलटलेली बाई स्वतःच्या दाराबाहेर चोरासारखी उभी राहते, हे शेजारच्यांनी दोनदा पाहिलं. तिसऱ्यांदा त्यांनी किल्ली हरवली का म्हणून विचारलं.

मग मी कुलूप फिरवायची. आत शिरले की आई गप्प व्हायची. पदर सावरायची, पाय खाली घ्यायची. ‘या बाई,’ म्हणायची. ‘बसा. मुलगी... मुलगी घरात...’ आणि पुढचा शब्द शोधत राहायची. शुद्ध मराठीतला एकेक शब्द ती इतक्या कष्टाने काढायची की तिच्या कपाळावर आठ्या पडायच्या. दोन वाक्यांत दमायची आणि मग माझ्याकडे बघून नुसती हसायची, पाहुण्यांकडे बघून हसतात तशी. तिला मी शाळेतली बाई वाटत होते. बरोबरच होतं म्हणा. मी शाळेतली बाईच आहे.

सगळ्यांना तिची भाषा मिळत होती. मावशींना मिळत होती, दूधवाल्याला मिळत होती, खिडकीत येणाऱ्या साळुंकीला मिळत होती. मला तेवढं जुनं, फाटलेलं शुद्ध मराठी. मी तिच्यासमोर बसून म्हणायची, ‘आई, माझ्याशीपण बोल ना तसं.’ ती घाबरून म्हणायची, ‘हो बाई. चांगलं बोलते.’ त्या महिन्यांत मला दुसरं काही नको होतं. तिने मला एकदा, फक्त एकदा, ‘काय व माय’ म्हणावं, एवढंच हवं होतं. मग ती मला ओळखो न ओळखो.

त्याच वर्षी डिसेंबरात माझा खडूचा प्रयोग फसला. म्हणजे प्रयोग बरोबर झाला, मी फसले. पिवळा आधीपासून असतो, हे सांगून झाल्यावर मी दरवर्षीप्रमाणे लाल पान हातात धरलं आणि म्हटलं, लालसुद्धा असाच आत लपलेला असतो. पहिल्या बाकावरची एक मुलगी उठली. बारीक आवाजाची, वेण्या घट्ट बांधलेली. म्हणाली, ‘बाई, पण हिरव्या पानाच्या खडूवर लाल पट्टा नाहीये.’

मी म्हटलं, खडूवर नीट चढत नसेल. ती बसली, पण पटलं नव्हतं. दोन दिवसांनी ती दोन काचेचे पेले घेऊन आली. घरी तिने हिरवं पान आणि लाल पान वेगवेगळं चुरून गरम पाण्यात ठेवलं होतं. लाल पानाचं पाणी तांबूस झालं होतं आणि लिंबू पिळल्यावर ते गुलाबीकडे झुकलं. हिरव्या पानाच्या पाण्यात किती लिंबू पिळलं तरी काही नाही. ‘मग लाल आधीपासून नसतो ना, बाई?’ तिने विचारलं. तिला मला खोटं पाडायचं नव्हतं, खरंच जाणून घ्यायचं होतं.

मी घरी जाऊन वाचलं. ती बरोबर होती आणि मी तीस वर्षं चूक सांगत आले होते. लाल आधीपासून नसतो. पान रिकामं होत असताना, देठाकडचा रस्ता बंद होत आलेला असताना, आत अडकलेल्या साखरेतून ते पान लाल रंग नव्याने तयार करतं. गळायला थोडे दिवस उरलेले असताना ते हा खटाटोप का करतं, यावर शास्त्रज्ञांचं एकमत नाही. काही म्हणतात, उन्हापासून बचाव म्हणून, म्हणजे आवराआवर शांतपणे होते. काही म्हणतात, किड्यांना दूर ठेवायला. दुसऱ्या दिवशी मी वर्गात उभी राहून चूक कबूल केली. पोरांनी टाळ्या वाजवल्या, त्या मुलीसाठी.

त्या रात्री मला स्वस्थ झोप आली नाही. चुकीमुळे नाही, चुका होतात. पण आईच्या बाबतीत मी जे गृहीत धरलं होतं तेही असंच होतं. नुसतं थांबलं की आतलं आपोआप दिसेल, आपल्यालाही दिसेल. आपोआप दिसलं होतं, पण मला नाही. मला काहीतरी नव्याने करावं लागणार होतं, आणि वेळ थोडा होता.

मी मावशींना म्हटलं, ‘मला अहिराणी शिकवा.’

त्या हसल्या. ‘मॅडम, तुम्ही आम्हाले शिकवणार का आम्ही तुम्हाले?’

पण शिकवलं. शाळेतून आल्यावर अर्धा तास, स्वयंपाकघरात, दार लोटून. ‘इथे’ म्हणजे ‘आठे’. ‘तिथे’ म्हणजे ‘तठे’. ‘तोवर’ म्हणजे ‘तवलोंग’. मुलगी म्हणजे ‘आंडेर’. मी वहीत लिहून घ्यायची आणि मावशी वही बघून म्हणायच्या, ‘लिहू नका, बोला.’ लहानपणी सगळं कळत होतं त्यातलं थोडं कुठेतरी शिल्लक असावं. एखादा शब्द त्यांनी सांगायच्या आधीच माझ्या तोंडात यायचा, आणि एखादा दहा वेळा सांगूनही बसायचा नाही. मी फार शुद्ध अहिराणी बोलते, अशी त्यांची तक्रार होती. ‘तुमी बातम्या दी राहिन्या आसं वाटस,’ त्या म्हणाल्या. आईनेही आपली दुसरी भाषा बातम्यांवरूनच उचलली होती. 

महिन्याभराने मी एकदा धीर करून आईसमोर गेले आणि म्हणाले, ‘कशी शे माय?’ आईने माझ्या चष्म्याकडे पाहिलं, साडीच्या पिनकडे पाहिलं, पर्सकडे पाहिलं. ‘बरी आहे, बाई,’ ती म्हणाली.

मावशींनीच मग उपाय काढला. ‘मॅडम, तुमी बाईच दिसतस ना. बाई कशी अहिराणी बोलई?’ पिन काढा, चष्मा काढा, खाली बसा. मी सांगते तुम्ही माझ्या गावच्या आहात म्हणून, असं त्या म्हणाल्या.

फेब्रुवारीतल्या एका सुट्टीचा दिवस होता. मी दुपारी आईचंच जुनं, मऊ पडलेलं पातळ नेसले, केसांचा साधा अंबाडा बांधला, चष्मा ओट्यावर ठेवला. चष्म्याशिवाय मला चार हातांपलीकडचं धूसर दिसतं. मावशी मला हाताला धरून आईच्या खोलीत घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, ‘माय, ही मना गावनी शे. तुले भेटाले उनी.’ मग त्या कपडे वाळत घालायला गच्चीवर गेल्या. मुद्दाम गेल्या, एवढं मला कळलं.

आई पलंगावर होती. मी खाली, तिच्या पायांशी.  परीक्षेला बसलेल्या पोरांना मी इतकी वर्षं घाबरू नका सांगत आले, ते किती फुकट असतं ते कळलं. मी म्हटलं, ‘आठे बठू का, माय?’

आई माझ्याकडे बघत राहिली. मला तिचा चेहरा नीट दिसत नव्हता. मग तिचा हात माझ्या डोक्यावर आला.

‘बठ ना व,’ ती म्हणाली. ‘खाले कसाले बठनी? वर ये.’

त्या ‘व’सरशी मी उठले. मी वर बसले. तिने माझा हात हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला, तळव्यावरून अंगठा फिरवला. ती काहीतरी विचारत होती, जेवलीस का, कुठून आलीस, आणि मी मोडकी-तोडकी उत्तरं देत होते. माझं चुकत होतं आणि तिला ते चालत होतं. मी हसले, ती हसली. मी जरा मोठ्याने बोलले असेन. आनंदात माणसाचा आवाज चढतो.

आई एकदम थांबली. तिने माझा हात घट्ट धरला, दाराकडे पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

‘हळू बोल व,’ ती कुजबुजली. ‘मनी आंडेर येई आते शाळामाईन. तिले आसं बोलनं आवडस नही.’

माझी मुलगी येईल आता शाळेतून. तिला असं बोललेलं आवडत नाही. इतकी अहिराणी मला तोवर कळायला लागली होती.

ती रागाने बोलली नव्हती. तक्रारही नव्हती. घरात झोपलेल्या तान्ह्याबद्दल सांगावं तसं सांगितलं होतं, थोड्या काळजीने आणि थोड्या अभिमानाने. मग तिने आणखी हळू आवाजात सांगितलं, की पोर फार हुशार आहे, वर्गात पहिली येते.

मी तिला सांगू शकले असते, की तुझी आंडेर मीच. ती शाळेतून केव्हाच आली आहे, तुझ्याजवळ बसली आहे, तिला आवडतं, तिला दुसरं काही नको. वाक्यही माझ्याकडे तयार होतं, मावशींकडून मी ते पाठ करून घेतलं होतं. पण मी आंडेर झाले असते तर आई गप्प झाली असती. तिने पदर सावरला असता, पाय खाली घेतले असते, आणि माझ्यासाठी पुन्हा एकेक शुद्ध शब्द शोधायला लागली असती. तिने पंचेचाळीस वर्षं तेच केलं होतं. एका दहा वर्षांच्या पोरीने सांगितलं म्हणून.

माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते तिला दिसू नये म्हणून मी तिच्या खांद्यावर डोकं टेकलं. तिने ते टेकू दिलं.

‘ती येवाले आजून येळ शे, माय,’ मी कुजबुजले. ‘तवलोंग बोलूत ना.’

आईने थोडा विचार केला. मग मान हलवली आणि दबक्या आवाजात बोलायला लागली. आमना मळामा येक चिंच व्हती, तिने सुरुवात केली. त्या चिंचेखाली कोण कोण जमायचं, कुणी कुणाला ढकललं, नदीला पाणी यायचं तेव्हा बायका कुठून उतरायच्या. निम्मं मला कळलं, निम्मं नाही. मी हुंकार देत राहिले. दर दोन वाक्यांनी ती थांबायची आणि दाराकडे बघायची. आणि दर वेळी मी तिला सांगायची, ‘आजून नही उनी, माय. तू बोल.’